गैरहजर : एक

चरित्रकोशात त्याला सहा ओळी मिळाल्या.
जन्म केटल फॉर्क. शिक्षण गुरांच्या डॉक्टरकीचं.
राज्याच्या विधानसभेवर सात वेळा,
वॉशिंग्टनला दोनदा, तिसऱ्यांदा पराभूत.
व्यवसाय पुन्हा सुरू केला.
दफन गावीच.

मी सभागृहात नावं पुकारायचे, एकतीस वर्षं.
वर्णक्रमात तो शेवटून दुसरा :
वेस्बी, हार्लन.
तोवर निकाल लागलेला असायचा बहुतेकदा,
लोक ओव्हरकोट चढवत असायचे,
आणि हा उभा राहून मत द्यायचा,
जणू तराजू त्याच्यासाठीच खोळंबलाय.

पहिल्या हिवाळ्यात त्याच्या हातांना आयोडीनचा वास यायचा.
गाई अधिवेशन बघून वीत नाहीत.
रात्री नव्वद मैल बर्फातून जायचा,
खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढायचा,
सकाळी दहाला बाकावर.
एकदा बाहीवरचं वाळलेलं रक्त बघून सभापती म्हणाले,
"कुणाचा खून केलात, वेस्बी?"
तो म्हणाला, "जुळी होती. दोन्ही जगली."
हे इतिवृत्तात आहे. काढा म्हणाले होते.
मी काढलं नाही.

भाषण त्याला जमायचं नाही.
पण लाकडी पुलांवर किती टन वजन चालेल
ते सांगणारी पिवळी पाटी आहे ना, ती त्याच्या कायद्यातली.
का आणला हा कायदा, कधी बोलला नाही.
मसुद्याच्या समासात पेन्सिलीनं एक आकडा होता, एकोणीस,
मला वाटलं कलम असेल.
ते त्याच्या भाच्याचं वय होतं.
दुधाचा ट्रक, एप्रिलचं पाणी.

मग ऑटर नदीवरचं धरण आलं.
खालच्या शहरांना वीज,
वरच्या खोऱ्यातल्या मूळनिवाशांना नोटीस.
ॲग्नेस यलो हॉक गॅलरीत येऊन बसली होती,
मांडीवर हातमोजे, एकावर एक नीट ठेवलेले.
तिची घोडी यानंच दोनदा वाचवलेली.
मी पुकारलं, वेस्बी.
पुन्हा पुकारलं, वेस्बी.
नियम दोनदाच पुकारण्याचा.
त्याची टोपी खुंटीवर होती, मला दिसत होती.
मी लिहिलं : गैरहजर, एक.
ठराव एका मतानं मंजूर झाला.
बरोबरी झाली असती तर पडला असता.

झाडूवाला लिंडक्विस्ट नंतर म्हणाला,
तळघरात बॉयलरशेजारी पालथ्या बादलीवर बसला होता,
स्वतःचे हात बघत.

त्याच नोव्हेंबरात लोकांनी त्याला वॉशिंग्टनला पाठवलं.
गैरहजर माणसाला शत्रू नसतात.

तिथं चार वर्षांत चारदा
त्यानं खोऱ्याच्या भरपाईचं विधेयक मांडलं.
चारही वेळा समितीनं फळीवर ठेवलं, धूळ खात.
शेवटचं भाषण अकरा मिनिटांचं, रिकाम्या खुर्च्यांपुढे.
छापील प्रत मी मागवून घेतली.
सातव्या मिनिटाला एक वाक्य आहे :
"मतदान चाललं होतं तेव्हा मी तळघरात होतो."
गावाकडच्या वर्तमानपत्रानं तेवढंच उचललं.
तोवर घरोघरी वीज आली होती, फ्रिज आले होते.
कुणाला ऐकायचं होतं ते?
चार हजार मतांनी पडला.

व्यवसाय पुन्हा सुरू केला, म्हणतो कोश.
म्हणजे असं, की जलाशयाच्या वरच्या उघड्या टेकाडावर,
जिथं ॲग्नेसला नवं घर मिळालं होतं,
तिच्या गुरांकडे हा जायचा, बोलावलं की.
बिल पाठवायचा नाही.
ती पैसे पाठवायची. दर वेळी, पाकिटात,
सेंटपर्यंत चोख.
त्या दोघांत याहून जास्त बोलणं झालेलं
माझ्या तरी ऐकिवात नाही.

तो गेल्यावर पुतणीचा फोन आला.
म्हणाली, मिस ट्वेट, टेबलाच्या खणात पाकिटं आहेत,
एकही उघडलेलं नाही,
काय करू यांचं?

मोज, मी म्हणाले.
मला दुसरं काय येतं?